भिंत, तडा आणि जबानी : वास्तुविशारदाच्या तज्ज्ञ-साक्षीचा भाषिक विचार

१. न पाहिलेल्याचा साक्षीदार

'साक्षी' या शब्दाचा अर्थ पाणिनीने 'प्रत्यक्ष पाहणारा' असा सांगितला आहे. मराठीतही साक्षीदार म्हटला की घटना घडताना तिथे हजर असलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. भांडण पाहिलेला शेजारी, दस्तावर सही होताना बसलेला गृहस्थ, अपघाताच्या वेळी रस्त्यावर उभा असलेला दुकानदार हे सारे साक्षीदार. न्यायालयही सामान्यतः एवढ्याच माणसांचे ऐकून घेते. त्यांनी काय पाहिले, काय ऐकले हे त्यांना विचारले जाते. त्यांना काय वाटते हे विचारले जात नाही, आणि त्यांनी आपणहून सांगू लागले तर त्यांना थांबवले जाते.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. शेजारी नवी इमारत उभी राहताना खोल खोदकाम झाले आणि जुन्या घराची भिंत तडकली, तर ती का तडकली हे कोणीच 'पाहिलेले' नसते. कारण डोळ्यांना दिसत नाही. ते खुणांवरून ओळखावे लागते आणि त्यासाठी त्या खुणांचे शास्त्र ठाऊक असावे लागते. अशा वेळी न्यायालय वास्तुविशारदाला किंवा अभियंत्याला बोलावते. तो घटनेच्या वेळी हजर नव्हता. तरीही तो साक्ष देतो, आणि त्याच्याकडून जे मागितले जाते ते त्याचे मतच असते.

हा विषय कायद्याच्या किंवा स्थापत्याच्या विद्यार्थ्यांचा आहे, भाषेच्या वार्षिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. उत्तर असे की तज्ज्ञाची साक्ष शेवटी वाक्यांची बनलेली असते. निरीक्षण कुठे संपले आणि अनुमान कुठे सुरू झाले हे त्या वाक्यांतल्या क्रियापदांवरून कळते. भिंत कोणामुळे तडकली, नुकसानभरपाई कोणी द्यायची, क्वचित तुरुंगात कोणी जायचे, हे त्या क्रियापदांच्या अर्थावर अवलंबून राहू शकते. आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी भाषकांच्या बाबतीत ही वाक्ये बोलली जातात एका भाषेत आणि नोंदली जातात दुसऱ्या भाषेत. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

२. वेल्सच्या बंदरापासून आपल्या कायद्यापर्यंत

तज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून स्वीकारण्याच्या इतिहासात १७८२ मधील इंग्लंडमधल्या एका खटल्याचे नाव नेहमी घेतले जाते : फोक्स विरुद्ध चॅड. नॉरफोकच्या किनाऱ्यावरील वेल्स नावाचे बंदर गाळाने भरत चालले होते. एका जमीनदाराने खाजण जमीन कोरडी करण्यासाठी बांध घातला होता. त्या बांधामुळेच गाळ साचतो, असे बंदराच्या विश्वस्तांचे म्हणणे होते. जमीनदाराच्या बाजूने जॉन स्मीटन हे त्या काळचे ख्यातनाम अभियंते उभे राहिले. एडिस्टन खडकावरचे दीपगृह बांधणारे तेच हे स्मीटन. त्याच किनाऱ्यावरील, असा बांध नसलेली बंदरेही गाळाने भरत आहेत, तेव्हा बांध हे कारण नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे केवळ मत आहे, वस्तुस्थिती नव्हे, म्हणून खालच्या न्यायाधीशाने ते वगळले. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ते ग्राह्य ठरवले. शास्त्राच्या विषयात शास्त्र जाणणाऱ्यालाच विचारले पाहिजे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली. दोन्ही पक्षांनी आपापल्या अभियंत्यांची मते आणि त्यांमागची कारणे आधी छापून एकमेकांना द्यावीत, असा आदेश झाला. तज्ज्ञाच्या मताने समोरच्याला ऐनवेळी चकित करायचे नसते, ही जाणीव त्यात आहे.

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ चा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केला. त्याच्या कलम ४५ मध्ये परकीय कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर यांविषयी विशेष कौशल्य असलेल्या व्यक्तींची मते सुसंगत मानली आहेत. लगेच पुढचे कलम ४६ तज्ज्ञाच्या मताला पुष्टी देणाऱ्या किंवा छेद देणाऱ्या वस्तुस्थितीविषयी आहे. त्याचे दुसरे उदाहरण वाचले की आपण थेट वेल्सच्या किनाऱ्यावर जातो. एखाद्या बंदरात समुद्री भिंतीमुळे अडथळा झाला का, असा प्रश्न आहे. तशाच ठिकाणच्या, पण भिंत नसलेल्या इतर बंदरांतही त्याच सुमारास अडथळा होऊ लागला ही गोष्ट सुसंगत आहे, असे ते उदाहरण सांगते. स्मीटन यांचा युक्तिवाद अशा रीतीने आपल्या कायद्यात येऊन बसला.

१ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. कलम ४५ चे आता कलम ३९ झाले, ४६ चे ४० आणि ५१ चे ४५. कलम ३९ मध्ये शास्त्र व कला यांच्या जोडीला 'अन्य कोणतेही क्षेत्र' अशी भर पडली आहे. बंदराचे उदाहरण कायम आहे. मताला किंमत आहे, पण ते मत ज्या आधारांवर उभे आहे ते आधारही सांगता आले पाहिजेत, हे कलम ४५ चे तत्त्वही कायम आहे.

३. तज्ज्ञ म्हणजे किती जाणणारा?

'तज्ज्ञ' हा शब्द आपले विद्यार्थी सर्रास 'तज्ञ' असा लिहितात. शुद्धलेखनाचा हा प्रश्न अर्थाचाही आहे. तत् + ज्ञ, म्हणजे 'ते' जाणणारा. सर्व जाणणारा तो सर्वज्ञ. न्यायालयाला हवा असतो तज्ज्ञ, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे येऊन उभा राहतो सर्वज्ञ. एक जोडाक्षर गळले की 'ते' गळते, आणि मर्यादेची आठवणही गळते.

वास्तुविशारदाचे 'ते' कोणते? इमारतीची रचना, नकाशे, बांधकामाचे साहित्य व पद्धती, परवानग्या, कामाची देखरेख, मोजमापे आणि देयके. तुळईत किती सळई लागते हे गणित मुख्यतः संरचना अभियंत्याचे. जमिनीची धारणशक्ती मृदातज्ज्ञाची. 'वास्तुविशारद' आणि 'वास्तुशास्त्री' या शब्दांचीही गल्लत होते. दिशा व शुभाशुभ सांगणाऱ्याशी या व्यवसायाचा संबंध नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही पदवी लावता येते. मात्र हे संरक्षण पदवीपुरते आहे, त्या स्वरूपाचे काम इतरांनी करण्यावर सरसकट बंदी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे नोंदणी हा पात्रतेचा एक पुरावा झाला. अमुक प्रश्नावर या व्यक्तीचे विशेष कौशल्य आहे का, हे न्यायालय वेगळे तपासते.

वास्तुविशारद न्यायालयात तीन नात्यांनी येतो आणि ही नाती वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले नाते वस्तुस्थितीच्या साक्षीदाराचे. इमारत त्यानेच आखली, दाखले त्यानेच दिले. तो जे सांगतो ते स्वतः केलेले व पाहिलेले असते. दुसरे नाते पक्षकाराने नेमलेल्या तज्ज्ञाचे. तिसरे नाते न्यायालयाने नेमलेल्या आयुक्ताचे, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत 'कोर्ट कमिशनर'चे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली न्यायालय स्थळपाहणीसाठी आयुक्त नेमते. शास्त्रीय तपासणीसाठी त्याच आदेशात नियम १०-क आहे. आयुक्ताचा अहवाल खटल्यातील पुराव्याचा भाग बनतो आणि अहवालाबाबत आयुक्ताचीही तपासणी करता येते. स्वतः आखलेल्या इमारतीबद्दल तज्ज्ञ म्हणून मत देणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण त्याचे मत आणि त्याचा बचाव यांतली रेघ पुसट होते.

आपल्या परंपरेत कारागिराची साक्ष नवी नाही. मराठेशाहीत वतनाचे व शिवेचे तंटे गोतसभेपुढे येत, निवाड्याचे महजर होत, आणि त्यांवर पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या हत्यारांपर्यंतच्या निशाण्या उमटत. सुताराने सुतार म्हणून साक्ष घातली हे त्याच्या निशाणीवरूनच कळे. कोण कोणत्या नात्याने बोलतो आहे, हे कागदावर दिसलेच पाहिजे ही समज त्यात आहे.

४. मत आणि निकष

तज्ज्ञाने न्यायाधीशाला काय द्यायचे? १९५३ चा स्कॉटलंडमधील डेव्ही विरुद्ध एडिंबरा नगरप्रशासन हा खटला इथे उपयोगी आहे, आणि तो घराच्या तड्यांचाच आहे. मलवाहिनीच्या कामासाठी सुरुंग लावले गेले, त्यामुळे आपल्या घराचे नुकसान झाले, अशी घरमालकाची तक्रार होती. तज्ज्ञाचे मत कोणी खोडून काढले नाही म्हणून ते न्यायाधीशावर बंधनकारक होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. निष्कर्षाची पारख कशी करायची याचे शास्त्रीय निकष तज्ज्ञाने न्यायाधीशाच्या हाती द्यायचे, आणि सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीला ते लावून निर्णय न्यायाधीशाने करायचा. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल (१९९९) या सफरचंदांच्या पिकासंबंधीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले. तज्ज्ञाची साक्ष सल्ल्याच्या स्वरूपाची असते. तिच्यामागची कारणे व आधारसामग्री जितकी पटणारी, तितके तिचे वजन.

हे तत्त्व समजायला आपल्याच गावांतल्या दोन गोष्टी घेऊ. ग्वाल्हेरचा जयविलास महाल १८७४ मध्ये मायकेल फिलोस यांनी उभारला. तिथल्या दरबार हॉलची प्रचंड झुंबरे टांगण्याआधी छत ती पेलेल का हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले, असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा चार्ल्स मंट यांचा. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले, पुढचे काम रॉबर्ट चिझम यांनी केले, आणि १८९० मध्ये राजवाडा पूर्ण झाला. आपले गणित चुकले, वाडा कोसळेल, या भीतीने मंट यांनी धीर सोडला, अशी गोष्ट वडोदऱ्यात सांगतात.

न्यायालयाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी ऐकीव. पण त्यांचे स्वरूप वेगळे आहे. हत्तींच्या गोष्टीत एक कसोटी आहे. ती पुन्हा करता येईल, तपासता येईल. मंट यांच्या गोष्टीत केवळ एका जाणत्या माणसाची भीती आहे. ती कोणत्या आकड्यातून आली हे गोष्ट सांगत नाही. वाडा तर आजही उभा आहे. तज्ज्ञ कितीही मोठा असो, त्याचे नुसते 'मला असे वाटते' पुराव्याला पुरे पडत नाही, ते यामुळे.

हत्तींची जागा आज मानकांनी घेतली आहे. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या 'आयएस ४५६ : २०००' या भारतीय मानकात भारचाचणी दिली आहे. बांधकामाचा स्वतःचा भार असतोच. त्याशिवाय त्याने पेलायच्या वापरभाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवायचा आणि मग काढायचा. पुढच्या २४ तासांत वाकाचा किमान ७५ टक्के भाग भरून आला पाहिजे. न आल्यास ७२ तासांनंतर चाचणी पुन्हा घेता येते, आणि तेव्हा ही भरपाई ८० टक्क्यांहून कमी असेल तर बांधकाम अस्वीकार्य. आता तज्ज्ञाने 'स्लॅब कमकुवत आहे' एवढेच म्हणणे आणि 'भार काढल्यावर वाक ६० टक्केच भरून आला, दुसऱ्या चाचणीतही तो ८० टक्क्यांपर्यंत पोचला नाही' असे म्हणणे यांतला फरक पाहा. पहिल्या वाक्यावर न्यायाधीशाला विश्वास ठेवावा लागतो, दुसरे त्याला पडताळता येते.

५. मराठीच्या हाती असलेली हत्यारे

आता भाषेकडे वळू. शेजारच्या खोदकामानंतर जुन्या चिरेबंदी घराला नुकसान पोचले, असे उदाहरण धरू. वास्तुविशारद पाहणीला गेला. इंग्रजीत तो बहुतेक ठिकाणी 'क्रॅक' हा एकच शब्द लिहील. मराठी गवंड्याजवळ मात्र शब्दांचा संच आहे.

तडा जातो तो ताण पडून, अखंड वस्तू तुटते तेव्हा. काचेला तडा, भांड्याला तडा. भेग पडते ती बहुधा सुकून, आक्रसून. जमिनीला भेगा, टाचेला भेगा. चीर बारीक व लांबट असते. फट दोन वस्तूंच्या मध्ये असते; दाराची फट, फळ्यांमधली फट. फटीत काही तुटलेले असतेच असे नाही. गिलाव्याला पडलेली भेग आणि भिंतीला गेलेला तडा यांत घरमालकाच्या दृष्टीने लाखांचा फरक असू शकतो. त्यातच गोव्यात व कोकणात जांभ्या दगडाला 'चिरा' म्हणतात. तेव्हा 'चिऱ्यातली चीर' आणि 'चिऱ्यांमधली फट' हे स्पष्ट लिहिले नाही तर नकाशा न पाहणाऱ्या वाचकाचा घोटाळा नक्की.

हालचालीची क्रियापदे अशीच नेमकी आहेत. जमीन खचते, पाया बसतो, भिंत कलते, फुगते, ढासळते किंवा कोसळते. ढासळणे थोडेथोडे होते, कोसळणे एकदम. भिंत आठवडाभर ढासळत होती असे साक्षीदार म्हणाला, तर आसपासच्यांना सावध करायला वेळ होता असा अर्थ निघतो. 'कोसळली' म्हटले तर तो अर्थ निघत नाही. पाण्याच्या बाबतीत ओल ही स्थिती झाली, पाझर हा मार्ग, गळती म्हटली की तिचा उगम शोधावा लागतो.

अर्थात शब्द नेमका असला तरी मोजमापाची जागा तो घेत नाही. तड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये, लांबी, दिशा, वर रुंद की खाली, भिंतीच्या आरपार गेला की नाही, कडा ताज्या की धूळ बसलेल्या, हे सारे लिहावे लागते. तडा अजून वाढतो आहे का हे पाहण्यासाठी त्यावर काचपट्टी चिकटवून तारीख टाकण्याची जुनी रीत आहे. पट्टी फुटली तर तडा 'जिवंत' आहे. उपर्युक्त भारतीय मानकात काँक्रीटच्या तड्याची रुंदी सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटरच्या आत असावी असे धरले आहे. म्हणजे काँक्रीटमध्ये तडा दिसला की दोष झाला, असेही नाही. हा निकष काँक्रीटचा आहे. चिऱ्याच्या भिंतीला तो तसाच लावणे म्हणजे 'तत्' सोडून बोलणे.

आता कारणाकडे येऊ. 'खोदकामानंतर तडे गेले' आणि 'खोदकामामुळे तडे गेले' या दोन वाक्यांत एका प्रत्ययसदृश शब्दाचा फरक आहे, आणि सारा खटला त्या फरकात आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, ही म्हण आपल्याला हेच शिकवते. 'नंतर'वरून 'मुळे'वर जायचे असेल तर तज्ज्ञाला मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात. तडे खोदकामाच्या बाजूलाच जास्त आहेत का? दूरच्या भिंतीत नाहीत ना? खोदकामापूर्वीचे छायाचित्र आहे का? खोदकाम न झालेल्या बाजूच्या, त्याच वयाच्या घरांना तसे तडे आहेत का? हा शेवटचा प्रश्न म्हणजे वेल्सच्या बंदराचाच प्रश्न. जिथे कावळा बसला नाही तिथल्या फांद्या तुटल्या का, असे स्मीटन विचारत होते.

मराठीचे 'पडणे–पाडणे', 'फुटणे–फोडणे', 'तुटणे–तोडणे' असे जोडही इथे जपून वापरावे लागतात. 'भिंत पडली' हे निरीक्षण झाले. 'भिंत पाडली' म्हणताच कर्ता आला, आणि कर्ता ठरवणे हे न्यायाधीशाचे काम तज्ज्ञाने आपल्याकडे घेतले.

६. खात्रीची मापे

खात्री किती, हे सांगण्यासाठी मराठीजवळ क्रियापदांची एक मोजपट्टीच आहे. पुढील वाक्ये पाहा.

पाया खचला आहे.
पाया खचलेला दिसतो.
पाया खचला असणार.
पाया खचला असावा.
पाया खचला असेल.
पाया खचला म्हणे.

पहिले वाक्य विधान करते. दुसरे डोळ्यांचा हवाला देते. 'असणार' मध्ये पुराव्यावरून काढलेले बळकट अनुमान आहे, 'असावा' मध्ये त्याहून सौम्य पण सकारण अनुमान, 'असेल' मध्ये नुसती शक्यता. 'म्हणे' हा छोटासा शब्द तर सांगणाऱ्याची जबाबदारीच काढून घेतो. माहिती ऐकीव आहे हे तो स्वतःहून कबूल करतो. शाळेत आपण यांना अर्थ व काळ यांच्या कोष्टकांत बसवतो आणि पुढे जातो. न्यायालयात मात्र ही कोष्टके जिवंत होतात.

दिवाणी दाव्यात अधिक संभाव्य काय, एवढे ठरले तरी चालते. फौजदारी खटल्यात वाजवी संशय उरता कामा नये. तोच पाया, तोच तज्ज्ञ, तेच 'खचला असावा'. भरपाईच्या दाव्यात हे वाक्य पुरे पडू शकेल, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या खटल्यात ते पुरे पडेलच असे नाही. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात काणकोणला बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. अशा दुर्घटनांत 'असावा' आणि 'असणार' यांतले अंतर कोणाच्या तरी स्वातंत्र्याचे आणि कोणाच्या तरी न्यायाचे अंतर असते. तज्ज्ञाने वाक्य दोन्हीकडे सारखेच बोलायचे असते. न्यायालय बदलले म्हणून खात्री वाढवायची किंवा कमी करायची नसते.

आपली शासकीय मराठी या मोजपट्टीवर दुसऱ्या बाजूने घाव घालते. 'पाहणी करण्यात आली', 'असे आढळून आले', 'निष्कर्ष काढण्यात आला' अशा वाक्यांत पाहणारा, मोजणारा आणि निष्कर्ष काढणारा तिघेही गुप्त होतात. पुराव्याचा कायदा सांगतो की मत ज्याचे आहे त्याची साक्ष हवी. म्हणून तज्ज्ञाच्या अहवालात 'मी पाहिले', 'मी मोजले', 'सहायकाने माझ्यासमोर मोजले', 'घरमालकाने मला सांगितले', 'यावरून माझे मत असे' अशी वाक्ये हवीत. ती कमी भारदस्त वाटतील, पण उलटतपासणीत तीच टिकतात.

साहित्याच्या वर्गात आपण निवेदकाचे प्रकार शिकवतो. सर्वज्ञ निवेदकाला पात्रांच्या मनातलेही कळते, साक्षी निवेदकाला फक्त त्याच्या जागेवरून दिसते तेवढेच. तज्ज्ञाचा अहवाल साक्षी निवेदकाने लिहायचा असतो. 'ठेकेदाराने पैसे वाचवण्यासाठी सिमेंट कमी घातले' या वाक्यात निवेदक सर्वज्ञ झाला. नमुन्यात सिमेंट कमी निघाले एवढेच तज्ज्ञाला ठाऊक असते. हेतू त्याने पाहिलेला नाही.

७. निष्ठा कोणाशी

फी पक्षकार देतो, मग निष्ठा कोणाशी? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर 'इकारियन रीफर' या जहाजाच्या विम्याच्या खटल्यात १९९३ मध्ये इंग्लंडचे न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी दिले. तज्ज्ञाचे मत खटल्याच्या गरजेने वाकलेले नसावे. त्याने वकिलाची भूमिका घेऊ नये. गृहीते सांगावीत. विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती लपवू नये. प्रश्न आपल्या क्षेत्राबाहेरचा असेल तर तसे म्हणावे. माहिती अपुरी असेल तर मत तात्पुरते आहे असे सांगावे, आणि मत बदलले तर दुसऱ्या पक्षालाही कळवावे. पुढे इंग्लंडच्या दिवाणी प्रक्रिया नियमांत न्यायालयाप्रती असलेले तज्ज्ञाचे कर्तव्य हे फी देणाऱ्याप्रती असलेल्या कर्तव्याहून वरचे मानले गेले. २०११ मध्ये जोन्स विरुद्ध केनी या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. निष्काळजीपणे काम करणाऱ्या तज्ज्ञावर त्याचाच पक्षकार दावा करू शकतो असे ठरले.

'मला ठाऊक नाही' आणि 'हा माझा विषय नाही' ही दोन वाक्ये साक्षीत बोलायला धैर्य लागते. वकील 'हो की नाही' एवढेच उत्तर मागत असतो, पक्षकार मागे बसलेला असतो. अशा वेळी ही वाक्ये बोलणाऱ्याच्या उरलेल्या साक्षीवर न्यायाधीश अधिक विसंबू शकतो.

८. जबानीची भाषा आणि आपण

खालच्या न्यायालयांची भाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ नुसार राज्य शासनाला आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार मूलतः इंग्रजी. म्हणजे बेळगावचा, इंदूरचा किंवा वडोदऱ्याचा मराठी साक्षीदार मराठीत बोलला तरी त्याची जबानी बहुधा कन्नड, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजीत उतरते, आणि अपिलात ती इंग्रजीत वाचली जाते.

वास्तुविशारद इंग्रजी शिकलेला असतो, तो आपली बाजू सांभाळतो. पण त्याच्या मताचा पाया पुष्कळदा इतरांच्या जबानीवर उभा असतो. पाया खोदणारा मुकादम, चिरे बसवणारा गवंडी, घरात राहणारी आजी यांनी काय पाहिले यावर तो अनुमान बांधतो. आजी म्हणाली, 'भिंत ढासळत होती म्हणे, मी काही बघितली नाही.' नोंद करताना 'म्हणे' गळला आणि 'ढासळत होती'चे 'कोसळली' झाले, तर ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष झाली आणि आठवड्याची घटना क्षणाची झाली. कोणी लबाडी केली नाही, तरी पुरावा बदलला.

या धोक्यावर कायद्याने उपाय ठेवला आहे. संहितेच्या आदेश १८, नियम ६ नुसार जबानी ज्या भाषेत दिली तिच्याहून वेगळ्या भाषेत नोंदली गेली आणि साक्षीदाराला ती भाषा समजत नसेल, तर नोंदलेला मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. हा हक्क किती जणांना ठाऊक आहे? सही करण्यापूर्वी 'मला मराठीत सांगा' असे म्हणण्याची सोय आहे, हे आपल्या वाचनालयांतून, शाळांतून, मंडळांतून सांगण्यासारखे आहे.

दुसरे काम परिभाषेचे. मराठीत ही परंपरा जुनी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात शासनव्यवहाराचा बहुभाषिक शब्दकल्पतरू तयार झाला, तोही महाराष्ट्राच्या आजच्या सीमेबाहेर. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आपल्या हाताशी आहे. उणीव आहे ती जोडकामाची : गवंड्याचा शब्द, अभियंत्याचा शब्द आणि न्यायालयाचा शब्द एका ओळीत आणणाऱ्या छोट्या पुस्तिकेची. बेळगावला ती मराठी–कन्नड–इंग्रजी असेल, वडोदऱ्याला मराठी–गुजराती–इंग्रजी, हैदराबादला मराठी–तेलुगू–इंग्रजी. तडा, भेग, चीर, फट यांना समोरच्या भाषेत वेगवेगळे शब्द आहेत का, नसतील तर कोणते विशेषण जोडावे, एवढे जरी त्यात आले तरी दुभाष्याचे व वकिलाचे काम हलके होईल. अशा पुस्तिकेसाठी मोठा निधी लागत नाही. चार गवंडी, एक वास्तुविशारद, एक वकील आणि भाषेचा एक शिक्षक यांनी काही दिवस एकत्र बसावे लागेल.

९. वर्गासाठी चार अभ्यास

शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून शेवटी काही अभ्यास सुचवतो. पदवीच्या वर्गात, किंवा थोडे सोपे करून शाळेच्या वरच्या वर्गांतही ते घेता येतील.

पहिला : महाविद्यालयाच्या इमारतीतील एखादी जुनी भिंत दाखवावी आणि तिचे वर्णन दहा वाक्यांत लिहायला सांगावे. अट एकच, एकाही वाक्यात कारण, मत किंवा दोष येऊ नये. मग एकमेकांच्या वह्या बदलून 'मुळे', 'म्हणून', 'निकृष्ट', 'दुर्लक्षित' असे शब्द खुणावून घ्यावेत.

दुसरा : त्याच भिंतीविषयी एक अनुमान 'असेल', 'असावा' आणि 'असणार' या तीन रूपांत लिहायला लावावे, आणि प्रत्येक रूपासाठी आणखी कोणता पुरावा लागेल ते विचारावे.

तिसरा : वर्तमानपत्रातली एखादी दुर्घटनेची बातमी घेऊन तिच्यातील प्रत्येक वाक्य पाहिलेले, ऐकलेले की अनुमानलेले हे ठरवावे. 'करण्यात आले'ची वाक्ये कर्त्यासह पुन्हा लिहावीत. कर्ता सापडत नसेल तर तसे नमूद करावे.

चौथा अभ्यास आपल्या भागासाठी विशेष आहे. एका विद्यार्थ्याने मराठीत पाच वाक्यांची जबानी द्यावी, दुसऱ्याने ती राज्याच्या भाषेत किंवा इंग्रजीत नोंदवावी, तिसऱ्याने मूळ न ऐकता ती पुन्हा मराठीत आणावी. पहिली आणि शेवटची जबानी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी. दोहोंमध्ये जे हरवले असेल त्याची यादी विद्यार्थ्यांनी स्वतः करावी, आणि अशा याद्या वर्षाअखेरीस एकत्र केल्या तर वर सुचवलेल्या पुस्तिकेचा पहिला कच्चा खर्डा त्यांतूनच तयार होईल.